आणखी एक रंधा कशाला?

खंडेनवमीला आमच्या घरात वर्षाचं ऑडिट होतं. पाटावर लाल कापड अंथरून मी करवती, पटाश्या, रंधे, गुण्या, हातोड्या मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो आणि बायको निरांजन ओवाळते. ओवाळता ओवाळता मोजते. गेल्या खंडेनवमीला तबक खाली ठेवत ती म्हणाली, "अहो, मागच्या खेपेला रंधे दोन होते ना?"

दोनच होते. तिसरा मी मधल्या काळात पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. आणताना पिशवीत त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती.

तेहतीस वर्षं बँकेत मी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. माणूस तिथे काय लिहितो आणि त्याला खरं काय हवंय, यातलं अंतर ओळखण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्तीनंतर सुतारकामाची हौस घेतली आणि तो रकाना मीच भरायला लागलो. सुरुवातीला ज्या थापा मी स्वतःला मारल्या, त्या एखाद्या कर्जदाराने मारल्या असत्या तर मी त्याला चहासुद्धा पाजला नसता. तेव्हा हत्यार घेण्याची कारणं मनात कशी तयार होतात, त्यातली कोणती वजन पेलतात आणि कोणती हात लावताच मोडतात, हे एकदा सुटं करून पाहू. बहुतेक हिशोब माझ्याच घरातला आहे.

आधी त्या तिसऱ्या रंध्याचं बोलू, कारण तो प्रश्न अजून डोक्यावर आहे.

लोखंडी रंधे लांबीप्रमाणे आकड्यांनी ओळखले जातात. ही पद्धत अमेरिकेतली. लिओनार्ड बेली नावाच्या माणसाच्या रचनेवरून स्टॅन्ले कंपनीने १८६९ नंतर हे रंधे काढले आणि आजही बहुतेक कारखाने तिचीच नक्कल करतात. चार नंबरचा रंधा साधारण साडेनऊ इंच लांब, पाच नंबरचा चौदा इंच, सात नंबरचा बावीस. आता तीन फूट लांबीच्या फळीची कड सरळ करायची आहे असं धरा. कडेला मध्येमध्ये उंचवटे आणि खळगे आहेत. आखूड रंधा होडीसारखा वागतो. लाट वर गेली की तोही वर, लाट खाली गेली की तोही खाली. कड गुळगुळीत होते, पण वाकडी ती वाकडीच राहते. लांब रंध्याचा तळ दोन उंचवट्यांवर टेकतो आणि मधल्या खळग्यावर पातं नुसतं अधांतरी फिरतं. म्हणून आधी फक्त उंचवटे तासले जातात. सालपटं तुटकतुटक निघत असतात तोवर कड अजून सरळ झालेली नसते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड सालपट निघालं, की झाली. दोन फळ्यांच्या कडा फेव्हिकॉलने जोडून रुंद फळी करायची असेल तर ही सरळ कड लागतेच. मधे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहिली तरी सांधा दिसतो.

माझ्याकडे चार नंबरचा एक आणि हाताच्या तळव्यात मावणारा छोटा एक, असे दोन रंधे होते. पाच नंबरचा तिसरा. तो साडेचारशे रुपयांना मिळाला, गंजलेला. म्हणजे उत्तर होतं, आणि चांगलं होतं. तरी मी तो कोथिंबिरीखाली का लपवला? ते उत्तर रंधा घेताना मला स्वतःलाच माहीत नव्हतं म्हणून. रंधा दिसला, स्वस्त होता, हातात छान बसला. कारण मला नंतर घरी सापडलं. खरेदी आधी आणि प्रयोजन मागाहून, हा कर्जखात्यातला सगळ्यांत जुना रोग आहे.

त्याच रंध्याने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. गंज घासून काढला, तळ सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासला आणि पात्याला धार लावायला बसलो. पात्याची मागची बाजू धारेजवळ आरशासारखी होईपर्यंत दगडावर घासायची, मग उतरती बाजू साधारण पंचवीस अंशांवर, आणि शेवटी अगदी टोकाला तीस अंशांवर. मागच्या बाजूला बोटाने चाचपलं की धातूची एक बारीकशी वळलेली कड लागते. ती सबंध रुंदीभर लागली म्हणजे धार टोकाला पोचली. मग पातं उलटं, आडवं ठेवून ती कड मोडायची. पाऊण तास गेला. त्या धारेने सागवान असं निघालं की मी आतून जुना चार नंबरचा आणला आणि त्यालाही धार लावली. आणि लक्षात आलं की गेलं वर्षभर जो 'इंपोर्टेड' रंधा घेण्याचा विचार मी करत होतो, तो मला नकोच होता. मला धार हवी होती. नवं हत्यार घ्यावंसं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा आपलं जुनं हत्यार बोथट झालेलं असतं. नवं हत्यार पहिल्या दिवशी छान चालतं याचं श्रेय बऱ्याचदा कंपनीला नसतं, नुकत्याच लावलेल्या धारेला असतं. हा शोध लागल्यापासून काही घ्यायचं मनात आलं की मी आधी दगडावर पाणी टाकतो.

एवढं झालं तरी मोठी इच्छा उरलीच होती. टेबल सॉ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी टेबल असतं, त्याच्या मधल्या चिरेतून गोल पातं वर आलेलं असतं, शेजारी एक सरळ पट्टी सरकवून पक्की करता येते. त्या पट्टीला टेकवून फळी पुढे ढकलली की हव्या त्या रुंदीची, कडा समांतर असलेली पट्टी निघते. पहिली आणि पन्नासावी सारखीच. हाताने करवतणाऱ्याला हे दृश्य म्हणजे चालणाऱ्याच्या शेजारून गाडी जाण्यासारखं. मला आवडलेल्या यंत्राची किंमत बत्तीस हजार होती.

मनातल्या मनात पहिला युक्तिवाद तयार झाला तो 'पैसे वसूल'चा. शोरूममधलं पुस्तकांचं कपाट अठरा हजारांना. मी घरी प्लाय आणून केलं तर सहा-साडेसहा हजारांत. म्हणजे एका कपाटामागे साडेअकरा हजार वाचले, आणि तीन कपाटांत यंत्र फुकट. हा हिशोब मी बायकोला जेवताना सांगितला. तिने विचारलं, "शोरूममधली तीन कपाटं आपण घेणार होतो?"

नव्हतो. इथे हिशोबाचा पायाच चुकतो. जे आपण कधीच विकत घेणार नव्हतो त्याच्या किमतीशी तुलना करून काढलेली बचत ही बचत नसते. तुलना करायची तर यंत्र न घेता आपण खरोखर काय केलं असतं त्याच्याशी. माझं उत्तर साधं होतं: जिथून प्लाय आणतो त्या दुकानातल्या मोठ्या पॅनेल सॉवर कापून आणलं असतं. ते दुकानदार एका कापाचे पंचवीस रुपये घेतात.

म्हणून मी कपाटच कागदावर उलगडलं. एरवी कोणी न सांगितलेली मजा इथे आहे, तेव्हा थोडा वेळ काढतो.

प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, म्हणजे मिलिमीटरमध्ये २४४० बाय १२२०. मनातलं कपाट होतं तीन फूट रुंद, सहा फूट उंच, सहा आडव्या फळ्यांचं. तावाच्या लांबीत चार पट्ट्या काढल्या तर प्रत्येकी ३०० मिलिमीटर रुंद निघतात. चार त्रिक बाराशे, पात्याने खाल्लेले तीन-तीन मिलिमीटर तीनदा, एकूण १२०९. अकरा मिलिमीटर उरतात. ठीक. दोन पट्ट्यांतून सहा-सहा फुटांच्या दोन उभ्या बाजू. उरलेल्या दोन पट्ट्यांतून आडव्या फळ्या. पण आठ फुटांत तीन फुटांचे तुकडे दोनच बसतात आणि दोन फूट वाया जातात. म्हणजे फळ्या चारच मिळाल्या. दोन फळ्यांसाठी दुसरा ताव आणायचा!

आता कपाट तीन फुटांऐवजी ८०५ मिलिमीटर रुंद करा, म्हणजे बत्तीस इंचांना किंचित कमी. एका पट्टीत तीन फळ्या बसतात: तीन वेळा ८०५ म्हणजे २४१५, मधले दोन काप सहा मिलिमीटर, एकोणीस मिलिमीटर टोकं साफ करायला. दोन पट्ट्यांतून सहा फळ्या. सगळं कपाट एका तावात. शिवाय अठरा मिलिमीटरची प्लाय पुस्तकांच्या ओझ्याखाली तीन फुटांत पोट काढते. बत्तीस इंचांत पुष्कळ कमी. चार इंचांनी रुंदी कमी केली आणि एक ताव वाचला. त्यासाठी लागलेलं हत्यार म्हणजे पेन्सिल.

काप मोजले. उभे तीन, आडवे सहा, टोकं साफ करायचे तीन, बारा. बारा पंचवीस तीनशे. बत्तीस हजारांना तीनशेने भाग दिला तर एकशे सहा कपाटं होतात. आमच्या फ्लॅटला भिंती किती, हे मी मोजत बसलो नाही.

मग बँकवाल्यासारखा दुसऱ्या बाजूने गेलो. यंत्र दहा वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाचा घसारा ३,२०० रुपये. बत्तीस हजार मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर पहिल्या वर्षी २,२४० व्याज आलं असतं, ते गेलं. पातं घासून आणणं, बदलणं, बाकी किरकोळ, हजारभर. एकूण ६,४४०. गेल्या वर्षभरात मी प्लाय किती दिवस कापली? वही काढून पाहिलं तर पाच दिवस. म्हणजे यंत्र चालू करण्याचे दर दिवशी १,२८८ रुपये. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी अर्जदाराला सौम्य शब्दांत रिक्षा धरायला सांगितली असती.

मजुरीचा एक वाद या हिशोबात हमखास येतो. "माझी मजुरी धरली तर..." असं म्हणून काही जण बचत फुगवतात, काही जण तोटा. माझ्या मते ती मुळीच धरू नये. रविवारी सकाळी मी रंधा मारतो ती मजुरी नाही, तेच तर मला हवं होतं. नाटक बघायला तीन तास गेले म्हणून कोणी त्याची मजुरी लावत नाही.

पैशाचा मुद्दा असा निकालात निघाला होता, तरी मी अडून राहिलो असतो. माणूस अडतो. पण बायकोचा खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. "ठेवणार कुठे?" एवढंच तिने विचारलं, आणि मी ड्राय बाल्कनीकडे बोट दाखवलं. आमची ड्राय बाल्कनी म्हणजे चार बाय साडेआठ फूट: वॉशिंग मशीन, सिलिंडर, लोणच्याच्या बरण्या आणि माझं चालतंबोलतं सुतारखातं.

टेबल सॉची जागा म्हणजे टेबलाची जागा नव्हे, हे मला टेप घेऊन जमिनीवर बसल्यावर कळलं. यंत्र स्वतः दोन-अडीच फूट लांबी-रुंदीचं. पण आठ फुटांचा ताव पात्यातून जाताना सुरुवातीला सगळा पात्याच्या अलीकडे असतो आणि शेवटी सगळा पलीकडे. म्हणजे पात्याच्या अलीकडे आठ फूट, पलीकडे आठ फूट आणि मागे माणूस उभा. अठरा-एकोणीस फुटांची सरळ मोकळी रांग हवी. आमच्या घरात तेवढी एकच रांग आहे, ती हॉलमधून देवघरासमोरून जाते. शिवाय अठरा मिलिमीटरच्या तावाचं वजन पस्तीस किलोच्या आसपास. साठीच्या माणसाने तो एकट्याने सपाट धरून फिरत्या पात्यावर ढकलायचा हा विचार कागदावरसुद्धा बरा दिसत नाही.

विजेचं थोडक्यात: बाल्कनीतला प्लग सहा अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यावर जेमतेम चौदाशे वॉट खेचता येतात, आणि ते यंत्र अठराशे वॉटचं. सोळा अँपिअरचा प्लग वॉशिंग मशीनकडे आहे. तिथे वाटाघाटी होणार नव्हत्या.

आणि भुसा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे. तिथे बोलण्यासारखं काही नाही. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा व्हॅक्युम ही हत्यारं सगळ्यांत आधी घ्यावीत. या खरेदीला घरातून कधी नकार येत नाही, हेही खरं. (एका ओळखीच्या गृहस्थांनी या सद्भावनेचा फायदा घेऊन 'सुरक्षेसाठी' म्हणून काय काय आणलं ते इथे लिहिणं बरं नव्हे.) भुशाचा घरगुती भाग वेगळा. एकदा मी लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट लागलंय असं समजून बाभळीचा तुकडा घासला होता. त्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याचा विषय आमच्याकडे अजून निघतो.

आता त्या बारीकसारीक कारणांकडे येतो, जी फार छान वाटतात आणि आतून पोकळ असतात.

'ऑफर आहे' हे त्यातलं पहिलं. बत्तीसचं सव्वीसला मिळतंय म्हणजे सहा हजार वाचले, असं मन म्हणतं. पासबुकात मात्र सव्वीस हजार गेलेले दिसतात, सहा हजार आलेले कुठेच दिसत नाहीत. 'मुहूर्त आहे' हे दुसरं, आणि आपल्याकडे साडेतीन मुहूर्त असल्यामुळे ते वर्षातून साडेतीनदा वापरता येतं. दसऱ्याला नवं हत्यार घेणं शुभ, यावर घरात कोणी वाद घालत नाही. पण मुहूर्त 'कधी' सांगतो, 'काय' आणि 'कशाला' ते आपणच ठरवायचं असतं. तिसरं, 'मुलांना उपयोगी पडेल'. माझी मुलगी बंगळुरूला असते. तिने फोनवर विचारलं, "बाबा, ते मी ठेवू कुठे?" आईचाच प्रश्न.

चौथं जरा खोल आहे. एक घेतलं की त्याच्या शोभेसाठी दुसरं लागतं. फ्रेंच लेखक दनी दिदरो याने १७६९ च्या सुमारास आपल्या नव्या भपकेबाज झग्यावर एक निबंध लिहिला. झगा आला आणि त्याच्यापुढे जुनं टेबल, जुनी खुर्ची, भिंतीवरची चित्रं सगळंच कळाहीन दिसू लागलं, म्हणून एकेक करत सगळं बदलावं लागलं, अशी त्याची तक्रार. ग्रँट मॅक्क्रॅकन या अभ्यासकाने १९८८ मध्ये या प्रकाराला दिदरोचंच नाव दिलं. सुतारकामात हा झगा म्हणजे राउटर, लाकडात खाचा पाडणारं यंत्र. राउटर घेतला की पाती लागतात, पाती आली की त्याला बसवायला टेबल, टेबल आलं की धूळ ओढायला नळी, नळीला व्हॅक्युम. तेव्हा यंत्राची किंमत विचारताना त्याच्या मागून येणाऱ्या वऱ्हाडाची किंमतही विचारावी. माझा ठोकताळा असा की यंत्राच्या किमतीच्या निम्म्याएवढा खर्च पहिल्या वर्षात पाठोपाठ येतो.

लपवाछपवीचे प्रकार सगळ्यांना ठाऊक असतात. 'जुनंच आहे, पडून होतं.' 'मित्राने वापरायला दिलंय.' निम्मे रोख, निम्मे कार्डाने. हे सगळं रिकाम्या खोक्यापाशी फसतं. पुठ्ठ्याचं खोकं रद्दीवाल्याकडे गेलं की तो दारातच उभा राहून मोठ्याने वाचतो.

मग काय उरलं? उरली हौस, आणि हा रकाना मी सगळ्यांत शेवटी भरला. हौसेला मोल नसतं म्हणतात, हत्याराला असतं. आम्ही दोघं महिन्याला दोन नाटकं बघतो. परतीच्या वाटेवर कुठेतरी खातो. ती नाटकं 'वसूल' झाली का, असं आजवर दोघांपैकी कोणी विचारलं नाही, कारण ती आम्ही उत्पादक गुंतवणूक म्हणून दाखवलीच नव्हती. सुतारकामाला मी उगाच नफ्याचं खातं करून ठेवलं होतं, आणि नफ्याच्या खात्याला प्रश्न विचारले जातातच.

रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवून दिलं की माणसं सगळा पैसा एक मानत नाहीत, मनात वेगवेगळी खाती धरून वागतात. पुढे २०१७ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या आजीला हे डाळीच्या डब्यामुळे माहीत होतं. डाळीच्या डब्यातले पैसे दूधवाल्याला द्यायचे नाहीत, भले दूधवाला दारात उभा असो. अर्थशास्त्री याला कधीकधी चूक म्हणतात. घर चालवणाऱ्याला ती सोय वाटते. आम्ही तसा डबा केला: महिन्याला पंधराशे रुपये, सुतारखातं. त्यात उरलेले पुढे जातात, शेजाऱ्यांना स्टूल करून दिलं तर लाकडाचे पैसे त्यात येतात, आणि डब्यातल्या पैशाचं काय करायचं ते मी ठरवायचं. बाहेरचा एक रुपया नाही. हे झाल्यापासून कोथिंबीर लागत नाही.

डब्यात पैसे आहेत म्हणजे काय घ्यायचं ते कळलं, असं होत नाही. त्यासाठी दुसरी एक वही आहे. पाठकोऱ्या कागदांची, बाल्कनीत खिळ्याला टांगलेली, वरती लिहिलंय: 'नडलं'. काम करताना एखादं हत्यार नसल्यामुळे खरोखर अडलं की तारीख, काम आणि काय नडलं ते लिहायचं. त्याशिवाय कसं भागवलं तेही. दुकानात पाहिलेलं, कोणाकडे पाहिलेलं, व्हिडिओत पाहिलेलं लिहायचं नाही. हात लाकडावर असताना अडलं तरच. सहा महिन्यांनी मोजलं तर टेबल सॉ दोनदाच होता. क्लॅम्प चौदा वेळा. सँडर अकरा वेळा. क्लॅम्पला कोणी मनात झुरत नाही, त्याचे फोटो कोणी एकमेकांना दाखवत नाही. पण चौकट चिकटवायला चार हवेत आणि दोनच आहेत, म्हणून मी सुतळी पिळून, पाचरी मारून, एकदा तर शिवाजीच्या चरित्राचे दोन खंड वर ठेवून काम काढलं होतं. पहिले पैसे क्लॅम्पांवर गेले. नंतर सँडर.

सँडर का पटला तेही सांगतो. हाताने पॉलिश पेपर मारताना लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासावं लागतं, आडवं गेलं की ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. या सँडरची चकती एकाच वेळी स्वतःभोवती फिरते आणि दोन-तीन मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात थरथरतेही. त्यामुळे कणांचे ओरखडे एकाच वाटेने पुन्हा जात नाहीत, एकमेकांत विरून जातात. दोन फळ्या काटकोनात जोडल्या असतील तिथे हे फार उपयोगी. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, मग १८०. मधला टप्पा गाळला तर ८० चे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. चकतीच्या भोकांतून धूळ ओढली जाते, मागे व्हॅक्युम जोडता येतो. म्हणून हाताने घासण्यापेक्षा धूळ कमी उडते. दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज चालत नाही, हे मात्र कोणतंही यंत्र सोडवत नाही.

टेबल सॉच्या त्या दोन नोंदींसाठी सात हजारांची हातातली गोल करवत घेतली, आणि तिच्यासाठी घरीच एक मार्गदर्शक पाटी केली. सहा मिलिमीटर प्लायची हातभर रुंद पट्टी, तिच्यावर कारखान्यातून आलेली सरळ कड असलेली दुसरी अरुंद पट्टी चिकटवायची. करवतीचा तळ त्या कडेला टेकवून एकदा चालवायची. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापून पडतो, आणि जी कड उरते ती म्हणजे पातं नेमकं जिथून जाणार ती रेघ. यानंतर पाटीची कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवली की काप तिथेच पडतो, मोजमाप नाही. मोठे काप दुकानात, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर घरी. बरोबर आलेलं साधं पातं काढून चाळीस दातांचं कार्बाइडचं बसवलं. साध्या यंत्राला चांगलं पातं लावावं, महागड्या यंत्राला साधं लावू नये, हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

आमच्या गावी सुतारमामा होते. बलुत्यावर काम करायचे, सुगीला धान्य घेऊन जायचे. एक करवत, वाकस, दोन रंधे, चार पटाश्या, दोरीने फिरवायचा सामता, गुण्या आणि हातोडी यांत त्यांनी बैलगाडीचं अख्खं चाक बाभळीचं केलेलं मी पाहिलंय, वर लोहाराने तापवून धाव चढवेपर्यंत. हे उदाहरण माझी बायको मला देते. मी तिला सांगतो की मामांकडे आणखी एक हत्यार होतं: चाळीस वर्षं रोज केलेलं काम. ते बाजारात मिळत नाही, म्हणून माझ्यासारखे यंत्र घेतात. यावर ती काही बोलत नाही, म्हणजे मुद्दा तिला पटलाय की नाही ते कळत नाही.

परवा पॉलिश पेपर संपल्याचं लिहायला वही काढली तर 'नडलं'च्या पानावर माझ्या अक्षरातली नसलेली एक नोंद होती. तारीख घातलेली, नीट रेघा आखलेली. 'घरघंटी. गिरणी बंद. या महिन्यात चौथ्यांदा नडलं. दर आठवड्याला चार किलो, वर्षाला बावन्न वेळा, दहा वर्षं. प्रत्येक वेळचा खर्च तुम्हीच काढा. जागा: तुमच्या सँडरच्या डाव्या बाजूला, दीड बाय दीड फूट. मोजली आहे. प्लग सहा अँपिअरचा चालतो, विचारून आले.'

खर्च काढला. पन्नास रुपयांच्याही आत येतो.